बऱ्हाणपूर : एका दिवसाचा इतिहासपाठ

मराठी माणसाच्या कानावरून बऱ्हाणपूर हे नाव शाळेत असताना साधारणतः दोनदा गेलेले असते. एकदा मुमताजमहलच्या मृत्यूच्या निमित्ताने आणि दुसऱ्यांदा संभाजीमहाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभी मराठी फौजांनी केलेल्या लुटीच्या निमित्ताने. या दोन वाक्यांपलीकडे हे शहर आपल्या लेखी जणू अस्तित्वातच नसते. आम्हीही अध्यापनाच्या व्यवसायात तीस वर्षे घालविली, आणि ही दोन वाक्ये दरवर्षी नेमाने फळ्यावर लिहिली. त्यांतील दुसरे वाक्य लिहिताना आमचा आवाज किंचित चढत असे, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

या समाधानास धक्का बसला तो इ. स. २०२५ साली. त्या वर्षाच्या आरंभी ‘छावा’ हा चित्रपट सर्वत्र गाजला. त्याच्या प्रारंभीच बऱ्हाणपूरच्या छाप्याचे दृश्य आहे. पुढे मार्च महिन्यात असीरगडाच्या परिसरातील शेतांत माणसे रात्री विजेऱ्या घेऊन मोगली सोन्याची नाणी शोधण्यासाठी जमीन उकरीत असल्याच्या बातम्या झळकल्या. बालाघाटातील आमच्या शाळेची मुले घरी कोणी मराठी, कोणी पोवारी, कोणी हिंदी बोलणारी. परंतु चित्रपट सर्वांनी पाहिलेला. वर्गात साहजिकच सोन्याची चर्चा झाली. तीत एका मुलीने उठून विचारले, “सर, लुटण्याइतकी संपत्ती त्या गावात आली कोठून?” घंटा झाली म्हणून आम्ही सुटलो. उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधावे या हेतूने दिवाळीच्या सुटीत आम्ही बऱ्हाणपुरास गेलो.

तसे पाहिले तर बालाघाट आणि बऱ्हाणपूर ही एकाच घरातील दोन टोके होत. इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दोन्ही गावे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होती, आणि पुनर्रचनेनंतरही दोन्ही मध्यप्रदेशातच राहिली. एक वैनगंगेच्या काठी, दुसरे तापीच्या. गोंदिया, नागपूर, भुसावळ असा प्रवास करून पहाटे बऱ्हाणपूरच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा फलाटावर हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती आणि निमाडी अशा पाच बोली कानी पडल्या. शहराच्या इतिहासाचे पहिले पान तेथेच उघडले असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

हे शहर इ. स. १४०० च्या सुमारास खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीरखानाने वसविले. दौलताबादेचे सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याने तापीच्या उत्तर तीरावरील नगरास दिले, आणि त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांचे नाव दक्षिण तीरावरील वसाहतीस. या दोन्ही सत्पुरुषांच्या समाध्या खुलदाबादेस आहेत. बऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही नावे अशी महाराष्ट्राच्या मातीतून तापीकाठी गेली आहेत.

प्रथम आम्ही जामा मशिदीकडे वळलो. गांधी चौकातील गजबज ओलांडून आत शिरताच एकाएकी शांतता भेटते. समोर विस्तीर्ण अंगण, त्यापलीकडे पंधरा कमानींची दर्शनी भिंत आणि दोन्ही बाजूंस दोन उंच मिनार. राजा अलीखान ऊर्फ आदिलशहा फारुकी याच्या कारकीर्दीत, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात हिचे बांधकाम झाले. तिचे खांब, कमानी आणि कोरीव काम पाहण्याजोगे आहेच. परंतु आम्ही गेलो होतो एक लेख पाहण्यासाठी. मशिदीतील एका वयोवृद्ध गृहस्थांस विचारताच त्यांनी आम्हांस पश्चिमेकडील भिंतीच्या उत्तर टोकाशी नेले आणि वर बोट दाखवून ते बाजूस उभे राहिले.

तेथे अरबी लेखाच्या सोबतीस देवनागरी अक्षरांत संस्कृत लेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्यास वंदन करून त्याचा आरंभ होतो. जो अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, नित्य आणि गुणातीत आहे, त्या ईश्वराची स्तुती करून मग फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. आणि आदिलशहाने ही ‘मसीति’ आपल्या धर्माच्या पालनासाठी बांधली असे नमूद केले आहे. काळ दिला आहे तो विक्रम संवत १६४६ आणि शके १५११, पौष शुद्ध दशमी, सोमवार असा, म्हणजे इ. स. १५९० च्या जानेवारीतील. नक्षत्रादी तपशीलही पंचांगाच्या शिस्तीने दिलेला आहे. आमच्या जुन्या मध्यप्रांताचे अभिलेखतज्ज्ञ रायबहादूर हिरालाल यांनी या लेखाचे वाचन विद्वानांपुढे ठेवले, त्यास आता शतकाहून अधिक काळ लोटला.

या लेखावर थोडे थांबून विचार करणे अगत्याचे आहे. तो कोणासाठी कोरला असेल? नमाजास येणाऱ्यांपैकी संस्कृत वाचू शकणारे किती असणार? दगडावर अक्षर कोरणे हे खर्चाचे काम. ते कोणी सहज करीत नाही. आमच्या मते तो लेख म्हणजे राजाने आपल्या प्रजेतील दुसऱ्या समाजास, त्याच्याच विद्येच्या भाषेत आणि त्याच्याच कालगणनेत, दिलेली साक्ष होय. मी माझा धर्म पाळतो आहे, आणि ते तुम्हांस समजेल अशा शब्दांत सांगण्याची मला गरज वाटते, हा त्याचा आशय. असीरगडावरील मशिदीतही असाच संस्कृत लेख आहे. तेव्हा हा प्रकार एकाच वेळची लहर नव्हती. याचा अर्थ त्या काळी कलह नव्हते असा नव्हे. परंतु ज्या नगरात सावकार, विणकर, उलेमा आणि ज्योतिषी यांस एकाच बाजारात वावरावयाचे असते, तेथील राजास सर्वांशी बोलावे लागते, एवढे तरी या दगडावरून सिद्ध होते.

लेखाच्या आरंभीच प्रार्थना आहे की, आकाशात चंद्र, सूर्य व तारे आहेत तोवर हे फारुकी घराणे पृथ्वीवर नांदो. प्रत्यक्षात राजा अलीखान इ. स. १५९७ मध्ये आष्टीच्या रणात मोगलांच्या बाजूने लढताना पडला, आणि १६०१ च्या आरंभी अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते राज्यच संपले. अकबराच्या त्या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीत कोरलेला आहे. चंद्रसूर्यांची साक्ष काढणारा लेख आणि त्यास अकरा वर्षांत खोटे ठरविणारा लेख एकाच छपराखाली नांदत आहेत. तरीही मोगलांनी पहिला लेख पुसला नाही. आम्हांस त्याचे विशेष वाटले.

मशिदीच्या बाहेर पडावे तो बाजार सुरू होतो. कापडाची दुकाने, अत्तरे, केळी, भांडी आणि कढईतून निघणारी मावा जिलबी. खव्याची ही काळसर, जाड जिलबी या गावाची ओळख झाली आहे. एका बाकावर बसून तिचा आस्वाद घेत असता आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि त्याचे उत्तर समोरच्या दुकानातील ठाणांच्या रूपाने रचलेले दिसले.

सतराव्या शतकात बऱ्हाणपूर हे कापडाचे शहर होते. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये त्या शतकाच्या मध्यास येथून गेला. शहर बरेच मोडकळीस आले असून घरे बहुतेक गवताने शाकारलेली आहेत, असे त्याने लिहून ठेवले. पण त्याच लेखणीने तो हेही सांगतो की, येथे विणलेले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि रशियापर्यंत जाते. कापडावर रंगीत फुले काढीत, काठांत सोन्यारुप्याची तार भरीत. त्याचे बुरखे, ओढण्या आणि रुमाल होत. शाकारलेल्या घरात विणलेले वस्त्र तुर्की सरदाराच्या वाड्यात शोभत असे! उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरण्याचा आणि आग्र्याहून सुरतेच्या बंदरास जाण्याचा मार्ग येथून जाई, म्हणून माल येथे साठे, हुंड्या येथे वटत, आणि सराफांच्या पेढ्या येथे नांदत. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून बादशहाकडे निघाला असता इ. स. १६१५ च्या नोव्हेंबरात याच शहरात शहाजादा परवेझ यास भेटला. पुढे हाच रो १६२१ पासून इस्तंबूलच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता. बऱ्हाणपूरचे कापड ज्या दिशेने जाई, त्याच दिशेने हा वकीलही गेला.

तुर्कस्तान आम्ही पाहिलेले नाही. परंतु तेथील बुर्सा या शहराविषयी वाचले आहे, आणि त्याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहिले नाही. उस्मानी सुलतानांची ती पहिली मोठी राजधानी. बऱ्हाणपूर वसत होते त्याच सुमारास, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, सुलतान बायेझीद याने तेथे वीस घुमटांची थोरली मशीद बांधली. तिच्या मध्यभागी, छपराखालीच, पाण्याचे कारंजे आहे. लगतच बाजार आहे, आणि त्यात पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली रेशमाच्या कोशांची सराई. त्या सराईचे उत्पन्न इस्तंबुलातील एका धर्मसंस्थेस लावून दिलेले होते. व्यापाऱ्याचे भाडे जाई आणि त्यातून मशीद, मदरसा व अन्नछत्र चाले. पाणी, बाजार आणि प्रार्थनास्थळ ही तेथे एकाच यंत्राची तीन चाके होती. आपल्याकडील देवस्थानांचे जत्रेतील उत्पन्न ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यात नवल वाटू नये. शहर कोणत्याही देशातील असो, ते या तीन चाकांवरच चालते.

बऱ्हाणपुरातील पाण्याचे चाक पाहण्यासाठी दुपारी आम्ही शहराबाहेर कुंडी भंडाऱ्याकडे गेलो. हे स्थळ ज्याने पाहिले नाही, त्याने बऱ्हाणपूर पाहिले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालून तापीकडे वाहत असते. ते वाटेतच अडवून भुयारातून शहराकडे न्यावे, ही इराणातील जुनी विद्या येथे इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीत, अमलात आली. दोहे रचणारा रहीम तो हाच. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली असे सांगतात. शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, एका ओळीत खणून तळाशी त्या भुयाराने जोडल्या आहेत. उतार इतका नेमका की पाणी आपल्या पायांनी चालते. बैल नको, मोट नको. एका कुंडीच्या काठाशी वाकून पाहिले, तो सुमारे ऐंशी फूट खाली भुयारात काळोख आणि त्यात वाहत्या पाण्याचा बारीक आवाज. चार शतके वाहिल्यानंतरही ते आटलेले नाही. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर मात्र चढले आहेत. इ. स. २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या स्थळाचा समावेश झाला.

फौजेच्या छावणीस पाणी लागते, कापड धुण्यास व रंगविण्यास तर त्याहून अधिक. सोन्याची नाणी शोधण्यासाठी असीरगडाखालची शेते उकरणाऱ्यांस कोणी हे सांगावयास हवे होते की, बऱ्हाणपूरचा खरा ठेवा जमिनीखाली आहे हे खरे, पण तो येथे आहे आणि तो अजून वाहतो आहे.

याच पाण्यावर आणि कापडावर जगणाऱ्या शहराने सर्वांत मोठे संकट पाहिले ते मात्र लढाईचे नव्हते. इ. स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व खानदेशात भीषण दुष्काळ पडला. शहाजहान तेव्हा बऱ्हाणपुरासच होता. त्याने अन्नछत्रे उघडविली आणि येथे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला, असे दरबारी बखरकार सांगतो. त्याच दुष्काळात, १६३१ च्या जूनमध्ये, मुमताजमहल येथे निवर्तली आणि नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेला. तिच्या स्मृतीसाठी जे उभे राहिले ते जगास ठाऊक आहे. त्याच वर्षी अन्नावाचून जे विणकर आणि शेतकरी मेले, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकात एक ओळही नाही. आम्हीही ती कधी शिकविली नाही.

दिवस कलता कलता आम्ही शहरालगतच्या बहादरपुरास पोहोचलो. आज येथे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. सतराव्या शतकात बहादूरपुरा हे शहराच्या तटाबाहेरील सर्वांत श्रीमंत पुरे होते; सावकार व जवाहिरे यांची वस्ती तेथे होती. एका यंत्रमागाच्या दाराशी उभे राहून पाहत असता आतील वृद्ध कारागिराने कोठून आलात म्हणून विचारपूस केली. बालाघाटहून आलो, मराठी आहोत, असे सांगताच तो हसून म्हणाला, “मराठे तर यापूर्वीही आमच्या बहादरपुरास येऊन गेले आहेत, मास्तरसाहेब. आता आलात तर चहा घेऊन जा.” त्याच्या बोलण्यात कडवटपणाचा लेशही नव्हता. परंतु तो चहा आम्हांस सहजी घशाखाली उतरेना.

संभाजीमहाराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ रोजी झाला. पंधरवडाभरातच, ३० जानेवारीच्या सुमारास, सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची फौज बऱ्हाणपुरावर चालून आली. शहरात बचावाचे सैन्य फारच थोडे होते. तटाच्या आतील शहर वाचले. परंतु बहादूरपुरा व इतर पुरे तीन दिवस लुटली गेली. खाफीखान या इतिहासकाराने या प्रसंगाचे वर्णन केले आहे. पुढे शहरातील उलेमांनी बादशहास, प्रजेच्या जीविताची शाश्वती नसेल तर शुक्रवारची नमाज बंद करावी लागेल, असे कळविल्याचेही तो सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरास आला. शहाजादा अकबराचे बंड आणि त्याने संभाजीमहाराजांकडे घेतलेला आश्रय हे त्याच्या स्वारीचे मोठे कारण होते. पण या लुटीची चीडही त्यात होतीच.

आता येथे शिक्षकाने काय करावे? मराठ्यांची बाजू आहे, आणि ती बळकट आहे. मोगल सत्तेशी जिवावरचा सामना होता. लहान राज्यास मोठ्या साम्राज्याशी झुंजावयाचे तर त्याच्या खजिन्यावर आणि श्रीमंत पेठांवर हात टाकण्यावाचून दुसरा मार्ग फारसा नव्हता. १६७९ साली औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसविला होता, आणि बऱ्हाणपूर हे त्याच्या दक्षिणेतील सत्तेचे प्रवेशद्वार होते. हे सर्व शिकविलेच पाहिजे. परंतु त्याचबरोबर हेही खरे की, त्या तीन दिवसांत ज्यांची घरे लुटली गेली, त्यांत बादशहा नव्हता. होते ते पेढीवाले, विणकऱ्यास आगाऊ रक्कम देणारे व्यापारी, आणि त्या रकमेवर चूल पेटविणारे कारागीर. आणि त्यांत हिंदूही होते. पराक्रमाचे वाक्य आणि दुःखाचे वाक्य ही दोन्ही एकाच दिवसाविषयी खरी आहेत. आम्ही मात्र तीस वर्षे एकच लिहीत आलो.

यातील योगायोग असा की, उदगीरच्या विजयानंतर इ. स. १७६० मध्ये हेच बऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांस मिळाले. पुढे ते शिंद्यांच्या ताब्यात होते, आणि १८६० साली इंग्रजी अमलाखाली गेले. म्हणजे लुटीनंतर ऐंशी वर्षांनी मराठेच या शहराचे धनी झाले. आणि मग त्यांसही विणकर टिकावा, रस्ता सुरक्षित राहावा, जकात वसूल व्हावी याची काळजी वाहणे भाग पडले. छापा घालणाऱ्यास शहर म्हणजे खजिना दिसतो. राज्य करणाऱ्यास मात्र ते पाणी, माग आणि विश्वास यांवर उभे आहे हे उमगते. बुर्सा शहरही तैमूरच्या फौजेने १४०२ साली असेच लुटले होते; तरी तेथील रेशमाची सराई त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी उभी राहिली. बाजार पुन्हा भरतो; कारण विणणारे हात राहिलेले असतात.

सायंकाळी आम्ही तापीच्या घाटावर बसलो. पलीकडे जैनाबादचा काठ अंधारत चालला होता. शहरातून अजानचा आवाज आला आणि घाटावरील देवळात घंटा वाजली. नदीस या दोहोंची सवय असावी. याच शहरात १६६७ साली मिर्झाराजे जयसिंग वारले. १७४८ साली पहिल्या निजामानेही येथेच देह ठेवला. एवढ्या मोठ्या माणसांचे येथे शेवट झाले, पण शहर त्यांच्याबरोबर संपले नाही.

बालाघाटास परतल्यावर वर्गात गेलो. ती मुलगी नेहमीच्या बाकावर होती. आम्ही फळ्यावर प्रथम एक आडवी रेघ ओढली, तिच्याखाली कुंड्यांच्या उभ्या रेघा काढल्या आणि पाणी कसे चालते ते समजावून दिले. मग कापड, मग वाट, मग बाजार, मग मशिदीतील तो संस्कृत लेख आणि त्यातील तिथी. १६८१ हे साल तास संपता संपता आले. या खेपेस ते लिहिताना आमचा आवाज चढला नाही. एकाने विचारले, “मग सर, आपण जिंकलो की नाही?” आम्ही म्हणालो, “जिंकलो. आता ज्यांचे गेले, त्यांची नोंद वहीत त्याच ओळीखाली करा.” मुलांनी माना खाली घातल्या आणि लिहावयास सुरुवात केली.